पाणी कोणत्या खात्यावर?

दुधनीत तुरीची आवक पौषात सुरू होते आणि चैत्र तापेपर्यंत चालते. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं हे गाव अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला आहे. पलीकडे लगेच कलबुर्गी जिल्हा लागतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंची काळी जमीन तूरच पिकवते, त्यामुळे माल दोन्हीकडून येतो. गाडी पेढीसमोर लागली की हमाल पोती उतरवतात, माल ओततात, आणि मग बायका बसतात. मोठ्या चाळणीने खडा-माती खाली पाडायची, सुपाने फोलकटं उडवायची, डागी दाणा वेगळा काढायचा. तुरीची धूळ बारीक आणि खाजरी असते. ती घशात उतरते, पापण्यांवर साचते, मानेवर घामात चिकटते. या कामाला दिवसभर पाणी लागतं. प्यायला लागतं, तोंड धुवायला लागतं, हात धुऊन भाकरी खायला लागतं, आणि आडोशाला जाऊन आल्यावर लागतं.

मी अशाच एका पेढीवर दिवाणजी होतो. माझ्या आधी माझी आई त्याच आवारात चाळणी धरायची. त्यामुळे कामाच्या जागचं पाणी मला छपराखालूनही ठाऊक आहे आणि गादीवरूनही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच: कामकऱ्याला पाणी देणं हा आपल्याकडे फार काळ मालकाचा धर्म मानला गेला. कायद्याने ते मालकाचं देणं ठरवलं. पण ज्यांना ते सगळ्यात जास्त लागतं, त्यांच्यापर्यंत हा बदल अजून पुरता पोचलेला नाही.

मी कामाला लागलो तेव्हा पेढीच्या रोजकीर्दीत पाण्याची नोंद धर्मादाय खात्यावर पडत असे. त्या खात्यावर देवळाच्या दिव्याचं तेल, मोकाट गुरांची वैरण, जत्रेची वर्गणी आणि या सगळ्यांच्या रांगेत 'पाणी भरणारी बाई, महिना' अशी ओळ. ही बाई सकाळी गाड्यावरच्या पिंपातून पाणी घेऊन दोन जागी भरायची. गादीजवळ काळा माठ होता, त्यावर पितळी झाकण आणि तांब्या. आवारात, छपराच्या खांबाला टेकून, अर्धा जमिनीत पुरलेला रांजण होता. त्याचं तोंड फळीने झाकलेलं असे आणि फळीवर ॲल्युमिनियमचा एक पेला साखळीने बांधलेला असे. दुपारी एकच्या सुमारास रांजणाचा तळ लागायचा. तळाचं पाणी तुरीच्या धुळीने पिवळट झालेलं असायचं. बायका पदर पेल्यावर धरून ते गाळून प्यायच्या. पुन्हा भरणं दुसऱ्या दिवशी सकाळी.

हमाली आणि तोलाई वेगळ्या खात्यांवर, बारदान वेगळ्या खात्यावर, सुतळी-सुयासुद्धा वेगळ्या खात्यावर. म्हणजे पोतं शिवायला लागणारी सुतळी हा धंद्याचा खर्च होता, आणि पोतं भरणाऱ्या माणसाचं पाणी हे दान होतं. हे कोणी दुष्टपणाने केलेलं नव्हतं. पेढीचे मालक भाविक होते, उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई घालत. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही, हे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मानलं जात होतं. पण दानाला मोजमाप नसतं. दात्याला जमेल तेवढं आणि जमेल तेव्हा ते दिलं जातं. घेणाऱ्याने ते कमी पडलं म्हणून तक्रार करायची नसते.

त्यातही हे दान नेमकं कोणाच्या पैशाचं होतं, हे पाहिलं पाहिजे. जुन्या बाजारपेठांत शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीतून आडत, हमाली, तोलाई यांच्याबरोबर धर्मादायही कापला जाई. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात अशा मनमानी कपातींवर बोट ठेवलं होतं. बाजार नियमनात आणावेत, ही त्या आयोगाची शिफारस होती. मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. त्यानंतर बेकायदा कपातींना आळा बसू लागला. पण पूर्वीची रीत ध्यानात घेतली तर हिशेब असा निघतो: पैसे शेतकऱ्याचे, पुण्य आडत्याचं, आणि उपकार चाळणीवरच्या बाईवर. काम करून घेणारा मात्र त्या पाण्याच्या खर्चातून मोकळा.

याच दुधनीत, त्या जुन्या काळात, पाण्याचा दुसरा एक हिशेब चालू होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली. १८७१ पर्यंत तिचे रूळ गुलबर्ग्यावरून रायचूरला गेले आणि मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाले. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागतं. म्हणून रेल्वेने मार्गावर जागोजागी विहिरी खोदल्या, टाक्या बांधल्या, पंप बसवले, ते चालवायला माणसं नेमली. इंजिनाचं पाणी पहिल्या दिवसापासून कंपनीच्या चालू खर्चात धरलेलं होतं, कारण पाणी संपलं की इंजिन जागच्या जागी थांबतं. माणूस तसा थांबत नाही. तो कोरड्या घशाने दुपार काढतो, संध्याकाळपर्यंत ओढतो आणि रात्री घरी जाऊन आडवा होतो. त्याच्या तहानेचा तोटा मालकाच्या वहीत कुठेच दिसत नाही, आणि वहीत न दिसणाऱ्या गोष्टीसाठी धंदा आपणहून पैसे काढत नाही. त्यासाठी कायदा लागतो.

तो कायदा हळूहळू घडला. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याचा भर लहान मुलांच्या कामाच्या तासांवर होता. शंभराहून कमी माणसांचे कारखाने त्यातून वगळले होते, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखानेही. त्यामुळे खानदेशातल्या सरकी काढणाऱ्या जिनांतल्या बायका त्याच्या बाहेर राहिल्या. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि अपघातात जखमी झाल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. त्यात पाणी नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. ज्याला घोटभर पाणी प्यायला थांबण्याचीच मुभा नाही, तो आधी थांबण्याची मुभा मागणार. दुपारच्या त्या अर्ध्या तासातच भाकरी आणि पाणी दोन्ही होतं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. १८९१, १९११, १९२२ असे कायदे सुधारत गेले. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३४ चा कायदा आला, त्यात कारखान्यात पिण्याच्या पाण्याची सोय करण्याची स्पष्ट तरतूद होती.

आमच्या गावाला यातलं काहीच लागू नव्हतं. दुधनी अक्कलकोट संस्थानाच्या हद्दीत होती, आणि ब्रिटिश मुलखात मंजूर झालेला कायदा संस्थानात आपोआप चालत नसे. सोलापूरच्या गिरणीत, जिचं जुनी गिरणी हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, तिथे फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊ शकत होता. रेल्वेने काही तास दूर असलेल्या दुधनीत तो येऊ शकत नव्हता. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यांत अक्कलकोटही होतं. त्याच वर्षी स्वतंत्र भारताचा फॅक्टरी कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला.

या कायद्याचं अठरावं कलम मी अनेक वेळा वाचलं आहे. सोयीच्या जागी पुरेसं आणि निर्मळ पिण्याचं पाणी कायम उपलब्ध ठेवायचं, हे त्यात मालकाचं कर्तव्य होतं. पाण्याच्या जागेवर 'पिण्याचे पाणी' असा ठळक फलक हवा, आणि तो बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत हवा. ही जागा मोरी, मुतारी, संडास, पिकदाणी किंवा उघडं गटार यांपासून सहा मीटरच्या आत नको. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी द्यायचं. एकोणिसाव्या कलमात स्त्री-पुरुषांसाठी वेगळे संडास आणि मुताऱ्या, बेचाळिसाव्या कलमात हातपाय धुण्याची सोय. भाषेच्या अटीवर मी नेहमी थबकतो. दुधनीत चाळणीवर बसणाऱ्या बहुतेक बायका घरात कन्नड बोलतात. म्हणजे आमच्याकडे तो फलक कन्नडमध्ये लागायला हवा होता, तोही महाराष्ट्रात, कायद्याच्याच आज्ञेने. ज्याने हे कलम लिहिलं त्याने तहानलेल्या माणसाच्या नजरेने कारखाना पाहिला होता, एवढं नक्की.

कायद्याने पाणी दिलं तरी ते कोणी कसं प्यायचं, हे जात ठरवत होती. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्यांनी ओठ लावलेला धोटा इतरांना चालत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. त्याआधी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला होता, आणि त्याचा आधार सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतलेला सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव होता. ठराव झाला, सत्याग्रह झाला, घटना झाली, तरी आमच्या आवारातल्या रांजणाचा तो साखळीचा पेला काही बायकांच्या हाती जात नसे. त्या घरून डबकीत पाणी आणायच्या. ते संपलं की ओंजळ धरून बसायच्या आणि दुसरी कोणी तरी वरून पाणी सोडायची. सोडणारीही तहानलेली असायची, तिला घाई असायची, अर्धं पाणी मनगटांवरून खाली तुरीत जायचं.

पाणी हा मजुरीचा भाग असू शकतो, हे मी पहिल्यांदा १९७२ च्या दुष्काळात पाहिलं. सोलापूर जिल्हा त्यात पार होरपळला होता. मी चौदा वर्षांचा होतो आणि आई मला घेऊन खडी फोडण्याच्या कामावर जायची. वर्षभरात राज्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या जवळपास पन्नास लाखांवर गेली, मे १९७३ मध्ये ती सर्वांत जास्त होती. आमच्या कामावर मुकादमाने माझ्याकडे पाणी देण्याचं काम सोपवलं. दूरच्या विहिरीवरून कावडीने घागरी आणायच्या, ढिगाऱ्यांमधून फिरायचं आणि ज्याने हाक मारली त्याला पाणी द्यायचं. आठवड्याच्या पगाराला मुकादमाने हजेरीपटावर खडी फोडणाऱ्यांच्याच रांगेत पाणक्याचं नाव वाचलं आणि माझ्या हातावर पैसे ठेवले. पाणी देणं हे तिथे काम होतं, त्याला हजेरी होती आणि त्याची मजुरी त्याच कामाच्या अंदाजपत्रकात धरलेली होती.

ही रीत दुष्काळांनीच शिकवलेली होती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात मदतकामांवर लाखो माणसं लोटली. मजुरी तोडल्यावर मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला कामावर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती फॅमिन कोड तयार झाले आणि मदतकामावर पाण्याचा बंदोबस्त ठेवणं ही अधिकाऱ्याची जबाबदारी ठरली. त्यात दयेपेक्षा भीतीचा भाग मोठा होता. माणसं एका जागी जमली आणि पाणी घाण झालं की कॉलरा उसळतो. १९०० सालच्या दुष्काळात छावण्यांमध्ये तो तसा उसळलाही. १९७२ च्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही कामाच्या जागी पिण्याचं शुद्ध पाणी, लहान मुलांसाठी सावली, विश्रांती आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी लिहिल्या गेल्या. उघड्या माळरानावर, जिथे नळ नाही, भिंत नाही, छप्पर नाही, तिथे हे हक्क आहेत. मग सिमेंटच्या फरशीवर, पत्र्याच्या छपराखाली, बाजारपेठेच्या मध्यभागी ते का नसावेत?

या प्रश्नाला आपल्या राज्यात ज्या माणसाने आयुष्यभर हात घातला ते डॉ. बाबा आढाव. पन्नाशीच्या दशकात त्यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, आणि सत्तरच्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ घेऊन ते महाराष्ट्रभर गावोगाव फिरले. पाठीवर पोतं वाहणाऱ्याचा हक्क आणि पाणवठ्यावरचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती आल्या, याला माझ्या मते कारण आहे. हमालाचं घामाशी आणि तहानेशी रोजचं नातं असतं. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याची मोठी गोष्ट अशी की मालक रोज बदलत असला तरी मजुराचा हक्क बुडू नये म्हणून मंडळं नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने नोंदणी, पगार, भविष्यनिर्वाह निधी, सुट्ट्या पाहायच्या. या कायद्याच्या अनुसूचीत बाजारातल्या कामांची यादी आहे: भरणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहणं, तोलणं, मापणं, पोती शिवणं, आणि त्याच ओळीत निवडणं आणि साफ करणं. म्हणजे माझी आई जे काम करायची ते काम या कायद्यात शब्दाने लिहिलेलं आहे. तिला ते कोणी सांगितलं नाही. हमालांची टोळी असते, मुकादम असतो, बिल्ला असतो. चाळणीवरच्या बायका रोजंदारीच्या, आज या पेढीवर, उद्या त्या. त्यांचा पैसा पट्टीवर 'चाळणी' म्हणून शेतकऱ्याच्या नावे पडतो, म्हणून आडत्या म्हणतो त्या माझ्या मजूर नाहीत. शेतकरी पट्टी घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेलेला असतो. मग पाणी कोणाकडे मागायचं?

जबाबदारी अशी निसटते कशी, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण सोलापूर शहरात आहे. तिथे हजारो बायका विडी वळतात. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात कारखान्याच्या जागी स्वच्छता, पाणी, संडास, पाळणाघर अशा सोयींची सक्ती होती. त्यानंतर विडीचा धंदा कारखान्यांतून घरखात्याकडे आणखी सरकला. पानं आणि तंबाखू बाईने घरी न्यायची, वळलेल्या विड्या आणून मोजून द्यायच्या. कामाची जागा मालकाच्या छपराखालून बाईच्या खोलीत गेली, आणि पाण्याची, उजेडाची, संडासाची जबाबदारीही तिच्याच अंगावर आली. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगारांनी घरांसाठी जो दीर्घ लढा दिला, त्यातून अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दुधनीहून सोलापूरला जाताना ती वसाहत दिसते. जिचं घर हाच कारखाना आहे तिच्यासाठी घर आणि नळ मागणं ही कामगार चळवळीचीच मागणी आहे, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती बोलायला संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. माझी आई हंगामात पहाटे घरी पोटभर पाणी पिऊन निघायची आणि मग दिवस मावळेपर्यंत जवळजवळ पीत नसे. रांजणात पाणी असलं तरी नसे. आवारात बायकांसाठी आडोसा नव्हता. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होत. बायकांना अंधार पडेपर्यंत थांबावं लागे. तिला लघवीची जळजळ कायमची जडली, पुढे मुतखडा झाला. घरात सगळे म्हणायचे, उष्णता आहे, धने-जिरे घाल. तिच्या बरोबरीच्या बायकांतही हेच होतं आणि सगळ्यांच्या घरी हेच औषध होतं. मासिक पाळीच्या दिवसांत तर कित्येक जणी कामावरच येत नसत, त्या दिवसांची मजुरी बुडायची. म्हणून पिण्याचं पाणी आणि वापरायचं पाणी असे दोन वेगळे प्रश्न करता येत नाहीत. ज्या संडासात पाणी नाही तो असून नसल्यासारखा, आणि जिथे संडास नाही तिथे बाईसमोर भरलेला माठ ठेवूनही ती पिणार नाही.

आज कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ च्या डिसेंबरात अमलात आला. त्यात मुळात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पुरेसं, निर्मळ पिण्याचं पाणी आणि संडास-मुताऱ्या देणं मालकावर बंधनकारक केलं गेलं. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही मालकाची जबाबदारी आहे, मात्र तीही साधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होते. कारखाना म्हणून गणलं जाण्यासाठी वीज वापरत असाल तर वीस आणि नसाल तर चाळीस माणसं लागतात. १९४८ च्या मूळ कायद्यात हे आकडे दहा आणि वीस होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचं आरोग्यही त्याच हक्कात बसवलं. हक्काच्या तत्त्वाबद्दल आता वाद उरलेला नाही. अडचण आकड्याची आहे. मागाच्या एका शेडचे भावाभावांच्या नावाने तुकडे होतात ते त्या आकड्यासाठी. पेढीच्या हजेरीवर दिवाणजी, एक नोकर आणि एक चौकीदार एवढेच दिसतात, आणि आवारात पंधरा बायका चाळणी धरून बसलेल्या असतात, तेही त्या आकड्यामुळेच.

मालकांकडून एक उत्तर नेहमी मिळतं: गावालाच पाणी नाही, तर मी कुठून देऊ? आमच्या भागात हे उत्तर अगदी खोटं नाही. अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी ही गावं बोरी नदीवरच्या कुरनूर धरणावर अवलंबून आहेत, आणि पाऊस रुसला की धरणाचा तळ दिसतो. पण कायदा नळ मागत नाही, पुरेसं पाणी मागतो. टाकी बांधा, टँकर बोलवा, जार आणा, कसंही आणा. वीज गेली तर पेढीवर जनरेटर चालू होतो. बारदान संपलं तर त्याच दिवशी सोलापूरहून माणूस धावतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी नेलं गेलं. पाणी हवंच असं एकदा ठरलं की ते आणता येतं.

कामगारानेही काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. पाणी नाही म्हणून काम थांबवलं तर त्या दिवसाची मजुरी मिळेलच, असं जुना फॅक्टरी कायदा सरळ शब्दांत म्हणत नव्हता. एकट्या बाईने चाळणी ठेवून उठून जाणं म्हणजे दुसऱ्या दिवशी काम गमावणं. पण त्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने एक चांगली तरतूद आली: तक्रार कोणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं. कायदा मोडणाऱ्या मालकाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात होती. दुकान कायद्याखाली आता सुविधाकार नावाचा अधिकारी आहे. तक्रार एकटीने करण्यापेक्षा टोळीने करावी, लेखी करावी, तारीख घालावी, आणि किती बायका, किती तास, पाणी कुठे आणि किती, हे त्यात लिहावं. माथाडी मंडळात नोंदणी मागावी, कारण तिथे एक मालक शोधत बसावं लागत नाही. आज ज्याने माल घेतला त्याची लेव्ही, उद्या दुसऱ्याची, आणि हक्क मात्र बाईचा कायम.

या सगळ्याची सुरुवात ज्या गोष्टीपासून व्हायला हवी ती साधी आहे, आणि ती हिशेब लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. पोती मोजली जातात, किलोवर ग्रॅम मोजले जातात, घट मोजली जाते. चाळणीवर बसलेल्या बायकांची मोजणी होत नाही, म्हणून कायद्याच्या दहाच्या आकड्यात त्या कधीच धरल्या जात नाहीत. ज्या छपराखाली त्या काम करतात त्या छपराच्या मालकाने त्यांची नावं रोज हजेरीवर लिहावीत, पगार ज्याच्या खिशातून यायचा असेल त्याच्या खिशातून येवो. नाव लिहिलं की आकडा होतो, आकडा झाला की कलम लागू होतं, आणि कलम लागू झालं की पाणी, मोरी आणि दार लागणारा संडास हे मागण्याची वेळ येत नाही, ते द्यावंच लागतं. पेढ्यांवर आता संगणकावर हिशेब लिहिणारी तरुण मुलं-मुली आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या आया याच आवारांत चाळणी धरून त्यांना शिकवत होत्या. उद्या सकाळी काम सुरू होताना त्यांनी आधी बायका मोजाव्यात, मग पोती.